पट्टेरी पानांची झाडे आणि मे महिन्याचे ऊन

सव्वीस जानेवारीचा समारंभ जवळ आला की बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील शाळांच्या आणि कार्यालयांच्या आवारांत रंगीत पानांच्या कुंड्या दिसू लागतात. पिवळ्या काठाची, पांढऱ्या ठिपक्यांची, तांबड्या शिरांची ही झाडे ध्वजस्तंभाभोवती मांडली जातात, त्यांच्या कडेने गेरू-चुन्याचे पट्टे ओढले जातात आणि आवाराला शोभा येते. या झाडांच्या बाबतीत फुलांची वाट पाहावी लागत नाही. फुलांचे काम पानेच करतात. म्हणूनच त्यांना मागणी अधिक. परंतु मार्चअखेर परीक्षा संपतात, एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागते, आणि ज्या सहा-सात आठवड्यांत झाडाला माणसाच्या हाताची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यांत आवारात कोणी नसते. जूनच्या सुमारास शाळा उघडते तेव्हा कुंड्यांत वाळक्या काड्या उरलेल्या असतात. पुढच्या जानेवारीत पुन्हा नवी खरेदी होते. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्याला कोणी नुकसान म्हणतही नाही. ठपका येतो तो पाणी घालणाऱ्या शिपायावर. वस्तुतः पुष्कळदा दोष निवडीचा असतो. झाड कसे जगते हे न पाहता ते कसे दिसते एवढेच पाहून ते आणलेले असते.

रंगीत पानांचा विषय निघाला की विदेशी बागांच्या सचित्र पुस्तकांतून एक झाड हमखास पुढे येते. त्याचे नाव होस्टा. जपान, कोरिया व चीन ही त्याची मायभूमी. निकोलस टॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते ओळखले जाते. जर्मन वैद्य व संग्राहक फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात जपानातून नेलेल्या रोपांमुळे ते युरोपात पसरले. जमिनीलगत रुंद, शिराळ पानांचा झुबका होतो आणि इरकली लुगड्याला काठ असावा तसा प्रत्येक पानाला पांढरा किंवा पिवळा काठ असतो. सावलीत वाढणारे, वर्षानुवर्षे टिकणारे असे हे झाड पाहिल्यावर ते आपल्या ओसरीवर असावे असे कोणालाही वाटेल. मात्र होस्टाला हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याच्या थंडीची विश्रांती लागते. त्या काळात पाने गळून जातात, जमिनीखालचा गड्डा थिजल्यासारखा पडून राहतो आणि वसंतात त्याला नवे कोंब येतात. बिदरच्या पठारावर पौष महिन्यात हुडहुडी भरते खरी, पण ती काही रात्रींपुरती. होस्टाची झोप तेवढ्याने पुरी होत नाही. एखाद्याने हौसेने रोप मागविलेच तर ते वर्षा-दोन वर्षांत खंगत जाते. त्यावर पैसा खर्च न करणे हेच त्याविषयीचे पहिले मार्गदर्शन होय.

तथापि होस्टाचे गणगोत आपल्या परिचयाचे आहे. शतावरी, निशिगंध, सफेद मुसळी, बांधावरचे केकताड आणि कुंडीतील सान्सेव्हेरिया ही सर्व त्याच कुळातील मंडळी. त्यांपैकी काहींना पट्टेरी पाने येतात आणि ती येथील उन्हाला पुरून उरतात. शिवाय होस्टा ज्याप्रमाणे थंडीत झोपतो, त्याप्रमाणे कोरड्या दिवसांत झोपणारे एक झाडही उपलब्ध आहे. त्याची माहिती पुढे येईलच. त्याआधी पानावरचा पांढरा पट्टा म्हणजे काय, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

पांढरा भाग खातो, कमावत नाही

पान हिरवे असते ते हरितद्रव्यामुळे. सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांपासून झाडाचे अन्न तयार करणारे द्रव्य हेच. पानाच्या ज्या भागात ते नसते तो भाग पांढरा किंवा पिवळा दिसतो, आणि तो भाग अन्न तयार करू शकत नाही. घरात चार माणसे असावीत आणि दोघांच्याच कमाईवर सर्वांनी जेवावे, तशी पट्टेरी पानाची स्थिती असते. त्यामुळे असे झाड त्याच जातीच्या निव्वळ हिरव्या झाडापेक्षा हळू वाढते, पांढरा भाग कडक उन्हात लवकर करपतो आणि एकदा खंगलेले झाड सावरायला वेळ लागतो. शोभेची ही किंमत आहे. ती माहीत असली म्हणजे निगा कशी राखावी हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

हे पट्टे येतात कसे? बहुतेक पट्टेरी झाडांच्या शेंड्यावरील कोवळ्या कोंबात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पेशींचे थर असतात. त्यांतील एका थरातील पेशी हरितद्रव्य तयार करू शकतात, दुसऱ्यातील करू शकत नाहीत. दोन्ही थर बरोबरीने वाढत राहतात आणि पानाच्या काठाशी किंवा मध्यभागी रंगाचा फरक दिसतो. म्हणजे दिसायला झाड एक, पण आत दोन भावंडांचा संसार. तो कायम टिकेलच असे नाही. कधी एखाद्या फांदीत हिरव्या पेशींचाच वरचष्मा होतो आणि संपूर्ण हिरवी पाने येऊ लागतात. ही फांदी दुप्पट कमावणारी असल्याने जोमाने वाढते आणि वर्षभरात पट्टेरी भागाला झाकून टाकते. 'आमच्या झाडाचा रंग गेला' अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. उपाय साधा आहे. हिरवी फूट दिसताच ती बुंध्यापासून धारदार चाकूने काढावी. अर्धवट छाटू नये, कारण उरलेल्या खुंटातून पुन्हा हिरवेच कोंब येतात. निव्वळ पांढरी फांदीही ठेवू नये. ती फुकट खाणारी असते.

याच कारणामुळे अशा झाडांची अभिवृद्धी कशी करावी यालाही महत्त्व आहे. सान्सेव्हेरियाच्या, म्हणजे ज्याला स्नेक प्लांट म्हणतात त्याच्या, पिवळ्या काठाच्या पानाचे तुकडे वाळूत लावले तर त्यांना मुळे फुटतात, नवे कोंबही येतात. पण ते कोंब काठाविना, निव्वळ हिरवे निघतात. कारण नवा कोंब पानाच्या आतल्या हिरव्या पेशींतून उगवतो आणि काठाचा थर मागेच राहतो. पिवळा काठ हवा असेल तर जमिनीखालचा गड्डा विभागून लावावा लागतो. एकाच रोपापासून झटपट शंभर रोपे करण्याच्या मोहाने पानांचे तुकडे लावणाऱ्याला सहा महिन्यांनी हा धडा मिळतो. होस्टाच्या बाबतीतही पट्टेरी झाडाच्या बियांपासून बहुधा साधी हिरवी रोपे येतात, म्हणून तेथील बागवान गड्डेच विभागतात.

मे महिन्याला तीन उत्तरे

बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. माती तांबडी व निचऱ्याची. पाणी तिच्यात ठरत नाही. बहमनी काळात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली, तेव्हा पाण्याची सोय करण्यासाठी जमिनीखालून करेझ खोदावे लागले. नौबादजवळचे करेझ आजही पाहावयास मिळते. किल्ल्यात सोळा खांबी मशिदीजवळ लालबाग फुलली ती पाण्याच्या अशा बंदोबस्तामुळेच. खाली कलबुर्गीकडे, म्हणजे २०१४ पर्यंत अधिकृतपणे गुलबर्गा म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, जमीन काळी, भेगाळणारी आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर. पाऊस दोन्हीकडे मुख्यतः चार महिन्यांचा. या हवामानात पट्टेरी पानांच्या झाडाने मे महिना कसा काढावा याची निसर्गात तीन उत्तरे आहेत. काही झाडे त्या दिवसांत झोपतात, काही रात्री श्वास घेऊन दिवस मिटल्या तोंडाने काढतात, आणि काहींना रोज पाणी देणारा माणूस लागतो. शाळेसाठी पहिल्या दोन प्रकारांतील झाडे घ्यावीत, तिसरी घरी ठेवावीत.

झोपणारे झाड म्हणजे कॅलेडियम, लोकांच्या बोलीत रंगीत अळू. मूळ दक्षिण अमेरिकेतील. पान अळूसारखे, पण त्यावर पांढरा, गुलाबी, तांबडा असा रंगांचा सडा. होस्टाचे रुंद पान, त्याची सावलीची आवड आणि दरवर्षी गड्ड्यातून नव्याने येण्याची रीत, हे सर्व कॅलेडियममध्ये आहे. फरक एवढाच की त्याची झोप कोरड्या ऋतूची आहे. पाऊस पडू लागला की ते उगवते, दसरा-दिवाळीपर्यंत डौलात राहते आणि थंडी-कोरड सुरू होताच पाने टाकून देते. शाळेचे वर्ष आणि कॅलेडियमचे वर्ष जवळजवळ जुळते. सुट्टीच्या काळात ते पाण्याचा एक थेंबही मागत नाही.

रोहिणी नक्षत्र संपता संपता, किंवा मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर कंद लावावेत. आठ ते दहा इंचांची कुंडी पुरते. तळाला भोक पाडलेली फुटकी घागर किंवा तेलाचा डबाही चालतो. मातीसाठी तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू यांचे समान भाग घ्यावेत. काळी माती कुंडीत एकटी कधीही वापरू नये. ती भिजली की चिखल आणि वाळली की वीट होते. कलबुर्गीकडे जेथे काळ्या मातीशिवाय काही मिळत नाही, तेथे वाळू व कुजलेला पालापाचोळा यांचे प्रमाण वाढवावे. कंद डोळा वर करून सुमारे दोन इंच खोल ठेवावा. कोंब दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ शकतात, तोवर माती ओलसर असावी, चिंब नसावी. या काळात उत्साही विद्यार्थी दिवसातून तीनदा पाणी घालतात आणि कंद कुजतात. एका कुंडीवर एकच विद्यार्थी नेमावा आणि बोट मातीत पेरभर घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे, असा दंडक ठेवावा.

जागा उत्तर किंवा पूर्व बाजूची, सकाळचे कोवळे ऊन मिळणारी. दुपारचे ऊन पानाच्या पांढऱ्या भागाला तपकिरी करते आणि तो डाग पुन्हा जात नाही. अगदी अंधाऱ्या ढेळजेतही ठेवू नये. तेथे देठ लांबतात आणि पाने लोळतात. जेथे सावली नाही तेथे शेडनेट विकत घेण्यापूर्वी घरच्या तुराट्यांची ताटी बांधून पाहावी. तुरीच्या मुलखात तुराट्या फुकट आहेत आणि अर्धे ऊन गाळण्याचे काम त्या उत्तम करतात.

आश्विनापासून पाने माना टाकू लागली म्हणजे पाणी कमी करत जावे. पाने पूर्ण वाळली की कंद काढून आठवडाभर सावलीत सुकवावेत, सडका भाग कापून कापावर राख लावावी आणि कोरड्या वाळूत किंवा राखेत घालून ते टोपलीत ठेवावेत. टोपली थंड फरशीवर न ठेवता फळीवर किंवा माळ्यावर ठेवावी. बिदरकडील पौषातल्या रात्री कंदाला बाधतात, तेव्हा ती घरातच असावी. महिन्यातून एकदा कंद दाबून पाहावेत. एक मऊ पडला तर त्याच्यासोबत शेजारचेही जातात. मोठा कंद विभागायचा असेल तर लावणीच्या आधी दोन दिवस कापावा, प्रत्येक तुकड्यावर डोळा असावा आणि काप वाळलेला असावा. एका कुंडीच्या तीन कुंड्या होतात त्या अशाच, आणि पुढच्या वर्षी खरेदीचे कारण राहत नाही.

येथे एक मेख आहे, ती कार्यालयीन मंडळींनी लक्षात घ्यावी. जानेवारीच्या समारंभाला कॅलेडियम नसते. ते तेव्हा टोपलीत निजलेले असते. पंधरा ऑगस्टला मात्र त्याच्याइतके देखणे दुसरे काही नाही. बंगळूरच्या लालबागेत स्वातंत्र्यदिनाला व प्रजासत्ताकदिनाला पुष्पप्रदर्शने भरतात. दोन्ही वेळी तीच झाडे असावीत असा आग्रह तेथेही कोणी धरत नाही. सव्वीस जानेवारीसाठी झेंडू व शेवंती आपल्या मुलखात आहेतच.

रात्री श्वास घेणारी झाडे म्हणजे सान्सेव्हेरिया आणि केकताड. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात, त्याबरोबर त्यांचे पाणी वाफ होऊन जाते. ही दोन झाडे छिद्रे रात्री उघडतात, हवेतील आवश्यक वायू साठवून ठेवतात आणि दिवसा छिद्रे मिटून त्याचे अन्न करतात. म्हणून जाड, मेणचट पानांची ही झाडे उन्हाळा सोसतात. सान्सेव्हेरिया सावलीत, व्हरांड्यात ठेवावा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एक तांब्या पाणी त्याला पुरेसे होते, आणि सुट्टीत गावातील एखाद्या घराने एवढे काम आनंदाने करावे. त्याचा घात होतो तो पावसाळ्यात. पागोळ्यांखाली कुंडी राहिली की बूड कुजते. पिवळ्या काठाचे केकताड तर भर उन्हातले झाड आहे. कुंपणाला, माळरानाच्या कडेला लावावे. बुंध्याशी येणारी पिल्ले काढून लावली की पिवळा काठ तसाच राहतो. त्याच्या पानाच्या टोकाला काटा असतो आणि चीक अंगाला लागला तर आग होते, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते दूर असावे.

राहिली तिसरी मंडळी. क्रोटन, मनीप्लांट, कोलियस, डिफेनबॅकिया, हिरव्या-पांढऱ्या पात्यांचा क्लोरोफायटम. ही घरची झाडे, कारण घरात रोज कोणीतरी असते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्यांना चालते. क्रोटनला रंग चढण्यासाठी ऊन लागते, अंधारात तो हिरवट होतो. मनीप्लांटचे सोनेरी डागही काळोखात पुसट होतात. चोरून आणलेला मनीप्लांटच चांगला वाढतो अशी एक समजूत आहे. या समजुतीने रोपाला काय होते ते होवो, शेजारधर्माला मात्र ती मारक आहे. हातपंपाशी किंवा नळाच्या सांडपाण्याशी पट्टेरी कर्दळ लावली तर तिला वेगळे पाणी घालावेच लागत नाही, हे ग्रामपंचायतींनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

कूपनलिकेचे पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोके तपकिरी होतात. पावसाळ्यात एक-दोनदा कुंड्या उघड्यावर ठेवून पावसाच्या पाण्याने माती धुऊन निघू द्यावी. खताच्या बाबतीत हात आखडता असावा. जून आणि ऑगस्टमध्ये मूठभर शेणखत पुरे. युरियाने पाने लुसलुशीत होतात आणि मग ती उन्हाला व किडीला लवकर बळी पडतात. कोरड्या हवेत लाल कोळी व पिठ्या ढेकूण येतात. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाने पुसणे किंवा पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे हा उपाय सुरुवातीलाच केला तर कामी येतो.

गोगलगायींचा मात्र वेगळा विचार करावा लागेल. २०२२ च्या खरिपात शेजारच्या लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे पीक फस्त केले होते, आणि रुंद ओलसर पाने हे तर त्यांचे आवडते खाद्य. युरोप-अमेरिकेत होस्टाचा पहिला शत्रू गोगलगायच मानली जाते. संध्याकाळी कुंड्यांजवळ ओले बारदान अंथरून ठेवावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. कुंड्यांभोवती कोरड्या चुन्याची रेघ ओढली तर त्या ओलांडत नाहीत. पावसाने ती वाहून गेली की पुन्हा ओढावी. बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्या शाळेच्या आवारात वापरू नयेत, कुत्री-गुरे त्या खातात आणि मुलांचाही भरवसा नसतो.

शोभा कोणती, रोग कोणता

तूर हे कलबुर्गीचे वैभव. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच तुरीवर वांझ रोग येतो. झाड झुडपासारखे खुरटते, पाने लहान व फिकट-हिरव्या छटांची चितकबरी होतात आणि फुलेच येत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीमार्फत हा विषाणुरोग पसरतो. भेंडीवर केवडा पडतो. शिरा पिवळ्या होतात, आणि त्याचा प्रसार पांढरी माशी करते. कुंडीतील पट्टेरी पान कौतुकाने पाहणाऱ्या मुलाला शेतातील चितकबरे पानही सुंदर वाटू शकते. एकाची जपणूक करावयाची आणि दुसरे दिसताक्षणी उपटून नष्ट करावयाचे, हा भेद शिक्षकांनी वर्गातच स्पष्ट केला पाहिजे.

भल्याभल्यांची यात फसगत झाली आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या रेघांच्या ट्यूलिप फुलांसाठी लोकांनी घरदार पणाला लावले आणि १६३७ मध्ये ज्यांचा बाजार कोसळला, त्या रेघा विषाणूमुळे उमटलेल्या होत्या, असे विसाव्या शतकात सिद्ध झाले. होस्टावरील एक विषाणू १९९६ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला; तत्पूर्वी त्याने डागाळलेली रोपे नवीन वाण म्हणून विकलीही गेली होती. छाटणीच्या एकाच चाकूने तो रोग झाडाझाडांत पसरतो. आपणही एका रोपाचे काम झाले की चाकू साबणाने धुवावा, हे यातून घेण्यासारखे. पट्टेरी रोपांच्या हौसेला आजही मर्यादा नाही. २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये नऊ पानांचे एक पांढरे-हिरवे रोप लिलावात १९,००० न्यूझीलंड डॉलरांहून अधिक किमतीला गेले. तेवढ्या पैशात आपल्याकडे एखाद्या शाळेला पक्के कुंपण मिळेल.

जन्मजात पट्टा ओळखण्याची खूण अशी की तो बहुतेक पानांवर एकाच धाटणीचा असतो, पान सपाट राहते आणि नवी पानेही निरोगी येतात. रोगात शिरा पिवळ्या पडतात, पान आक्रसते, झाड खुरटते आणि शेजारच्या झाडांवरही तीच लक्षणे दिसू लागतात. तिसरी शक्यता लोहाच्या कमतरतेची. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पाने शिरांमधल्या भागात पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस मिसळून फवारल्यावर पान पुन्हा हिरवे होऊ लागले तर ती कमतरता होती असे समजावे. शंका असल्यास पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा बिदरच्या उद्यानविद्या महाविद्यालयात दाखवावे.

जेवणघरापासून दूर

रंगीत अळू हे खाण्याचे अळू नव्हे. पुष्कळ शाळांत मध्यान्ह भोजनासाठी परसबाग असते आणि तीत वडीचे अळू लावलेले असते. त्याच वाफ्याच्या शेजारी कॅलेडियम लावले तर स्वयंपाकिणीच्या किंवा मुलांच्या हातून घोटाळा होण्याची शक्यता खरी आहे. कॅलेडियम, डिफेनबॅकिया आणि मनीप्लांट यांच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळू कच्चे राहिले तर घसा खवखवतो तो अशाच स्फटिकांनी. परंतु या झाडांच्या बाबतीत त्रास अधिक तीव्र होतो. जीभ व घसा सुजतो, डिफेनबॅकियाने काही वेळ बोलणेही कठीण होते. कोणी पान चावल्यास तोंड लगेच पाण्याने धुवावे, हात डोळ्यांना लावू देऊ नयेत, आणि सूज किंवा श्वासाचा त्रास दिसताच चिंचेच्या-ताकाच्या उपचारांत वेळ न घालविता दवाखाना गाठावा. छाटलेली पाने शेळ्या-गुरांपुढे टाकू नयेत; खड्ड्यात पुरावीत. डिफेनबॅकिया तर प्राथमिक शाळेच्या आवारात ठेवूच नये. त्याच्यावाचून शोभेत काही उणे पडत नाही.

वर्गात करण्याजोगे प्रयोग

कोलियसचे पांढऱ्या-हिरव्या रंगाचे पान दुपारी उन्हात राहिल्यावर तोडावे व त्याचे चित्र वहीत काढून घ्यावे. ते आधी उकळत्या पाण्यात आणि मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या परीक्षानळीत, स्पिरिटमध्ये, रंग उतरेपर्यंत ठेवावे. स्पिरिट कधीही सरळ ज्योतीवर तापवू नये, आणि हे काम शिक्षकांनीच करावे. पान धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की जेथे हिरवे होते तेथे निळा-काळा रंग येतो. जेथे पांढरे होते तेथे येत नाही. पांढरा भाग कमावत नाही हे विधान मुलांना मग पुस्तकातून पाठ करावे लागत नाही.

दुसरा प्रयोग सान्सेव्हेरियाच्या पानाचा, वर सांगितलेला. जुलैत तीन-तीन इंचांचे तुकडे खालची बाजू खाली ठेवून वाळूत लावावेत. कोणता तुकडा उलटा लागला हेही कळते, कारण त्याला बहुधा मुळे फुटत नाहीत. नवे कोंब येण्यास काही महिने लागतात, तेव्हा सहावीत लावलेले तुकडे सातवीत पाहावयाचे असा हिशेब ठेवावा.

वरच्या वर्गांना गुलबासाची हकीकत सांगावी. ज्यांनी मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणले त्यांपैकी एक असलेल्या कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये पट्टेरी पानांच्या गुलबासावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याला असे आढळले की हिरव्या फांदीवरील फुलाच्या बियांपासून हिरवीच रोपे येतात, पांढऱ्या फांदीवरील बियांपासून पांढरी, जी अन्नावाचून लवकर मरतात, आणि पट्टेरी फांदीवरील बियांपासून तिन्ही प्रकारची. पराग कोणत्या फांदीवरून आणला याने काही फरक पडत नाही. पानाचा हा गुण फक्त मातेकडून येतो. सायंकाळी उमलणारा गुलबास सीमाभागातील बहुतेक परसांत आहे. पट्टेरी पानाची एखादी फांदी त्यात आढळल्यास तिच्यावर दोरा बांधून ठेवावा आणि तिचे काळे बी वेगळ्या पुडीत, फांदीचा रंग वर लिहून, पुढच्या जूनपर्यंत जपून ठेवावे.